लिस्बनला जाताय? मग घाई घरी ठेवा

युरोपच्या सहलीचा बेत घरात शिजू लागला की पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड ही नावं आधी पुढे येतात. पोर्तुगालची राजधानी लिस्बन यादीत असलीच तर तळाला असते. तिच्यापुढे लिहिलेलं असतं, "जमलं तर एक दिवस".

तुमचाही बेत असाच असेल तर एक विनंती आहे. एका दिवसासाठी लिस्बनला जाऊ नका. जायचं तर चार दिवस हातात ठेवा. तेवढे नसतील तर पुढच्या खेपेला जा.

याला दोन कारणं आहेत. हे शहर टेकड्यांवर वसलंय. तिथे चढ आहेत, पायऱ्या आहेत, रांगा आहेत. धावत बघायला गेलात तर पाय दुखतील आणि रांगा तेवढ्या लक्षात राहतील.

दुसरं कारण आपल्या घरचं आहे. गोवा, वसई आणि मुंबई यांच्या नशिबाचे कितीतरी निर्णय याच शहरात झाले. त्यांच्या खुणा तिथे अजून उभ्या आहेत. त्या बघायला मन निवांत हवं.

तेव्हा निघण्याआधी एवढं वाचून घ्या. बरोबर येणाऱ्यांनाही वाचून दाखवा.

कधी जावं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. ऊन सोसवतं आणि दिवसही मोठा मिळतो. मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत हे सहज जमतं.

जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा. काही दिवस पारा 35 अंशांच्या वर जातो. गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे महिने. थंडी फार कडक नसते. पण जुन्या घरांत खोली उबदार ठेवायची सोय बेताचीच असते. स्वेटर बॅगेच्या तळाशी घालू नका, वरच ठेवा. उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा सुटतो, म्हणून एखादी शाल किंवा जाकीट हाताशी असू द्या.

12 जूनच्या रात्री तिथे सेंट अँथनीचा उत्सव असतो. गोव्यातही ज्याची भक्ती चालते तो हा संत लिस्बनमध्येच जन्मला. त्या रात्री आल्फामा या जुन्या वस्तीत गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात आणि गाणी पहाटेपर्यंत चालतात. हौस असेल तर जरूर जा. बरोबर लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर मुक्काम मात्र त्या वस्तीत नको.

आधी कागद

पोर्तुगालला जायला शेंगेन व्हिसा लागतो. तुमचा जास्तीत जास्त मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान 15 दिवस आधी तो दिलेला असावाच लागतो. पण 15 दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळच लवकर मिळत नाही. दोन-तीन महिने आधी कामाला लागा.

मोठ्यांसाठी व्हिसाची फी 90 युरो आहे. 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो. त्याहून लहानांना फी नाही. मधल्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं, ते हिशेबात धरा.

प्रवासाचा वैद्यकीय विमा निदान 30,000 युरोंचा हवा. स्वस्त विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचं काय, हे विचारून घ्या. बाबांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो लपवू नका. लपवलेला आजार निघाला तर विमा कामाला येणार नाही.

युरोपात शिरताना आता फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. त्यात वेळ जातो. तुम्ही फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे जात असाल तर ही तपासणी तिथेच होते. म्हणून पुढच्या विमानासाठी तीन तास तरी मधे ठेवा. दुबईमार्गे गेलात तर ही रांग लिस्बनमध्ये लागेल. उतरल्यावर पाण्याची बाटली आणि मुलांसाठी काही खायला जवळ असू द्या.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग हरवली तरी गोळी चुकता कामा नये.

मुक्काम कुठे

घर किंवा खोली ठरवताना पहिला प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का? जुन्या वस्त्यांतल्या कितीतरी इमारतींना लिफ्ट नाही. जिना अरुंद आणि उभा असतो. चौथ्या मजल्यावरची सुंदर खिडकी फोटोत छान दिसते. तिथवर दोन बॅगा कोण चढवणार, ते आधी ठरवा.

आई-बाबा बरोबर असतील तर बाइशा या सखल भागात किंवा मेट्रो स्टेशनाजवळ राहा. टेकडीवर राहायचा हट्ट नको.

पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला तिथे सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. जाहिरातीत तो आहे का बघा. नसेल तर ते घर सोडून द्या. जाहिरातीच्या बाहेर परस्पर पैसे पाठवा असं कोणी म्हटलं, तर अजिबात पाठवू नका.

लिस्बनमध्ये पर्यटकांना रात्रीचा कर आहे. 13 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला दर रात्री 4 युरो, जास्तीत जास्त सात रात्री. चार मोठी माणसं पाच रात्री राहिली तर 80 युरो होतात. हॉटेलवाला हे वेगळे मागेल. तो फसवत नाहीये, वाद घालू नका.

विमानतळ गावाला लागूनच आहे आणि तिथून मेट्रो मिळते. रात्री उशिरा पोचलात किंवा सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सी करा. मीटर चालू आहे एवढं बघा.

पाय सांभाळा

लिस्बनचे पदपथ पांढऱ्या-काळ्या दगडाच्या लहान लहान तुकड्यांनी मढवलेले आहेत. नक्षी फार देखणी. पण वर्षानुवर्षं पावलांनी घासून दगड गुळगुळीत झालेत. सर आली की आपल्याकडच्या शेवाळलेल्या घाटासारखे ते निसरडे होतात.

म्हणून नवे बूट तिथे घालायला काढू नका. घरी महिनाभर वापरलेले, तळाला चांगली पकड असलेले बूट न्या. चप्पल आणि उंच टाचा घरीच राहू द्या. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या किंचित वर नेसावी. उतारावर पदर आणि निऱ्या सांभाळताना तोल जातो.

रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी वाहनाने टेकडीच्या माथ्यावर जा. मग चालत खाली उतरा. चढायचं काम ट्रामला आणि बसला करू द्या.

प्रवासासाठी कागदी कार्ड मिळतं, ते अर्ध्या युरोला. त्यात पैसे भरून मेट्रो, बस, ट्राम, सगळीकडे वापरता येतं. माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघं गेलात तर दंड होईल. दिवसभर फिरायचं असेल तर 24 तासांचं तिकीट स्वस्त पडतं. ट्राममध्ये चढून चालकाकडून घेतलेलं तिकीट त्या मानाने महाग असतं.

पिवळी लाकडी ट्राम नंबर 28 सगळ्यांना हवी असते. ती जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांतून वळणं घेत जाते. मार्तिम मोनिझ चौकात तिच्यासाठी लांब रांग लागते. तुम्ही सकाळी आठच्या आत जा. किंवा दुसऱ्या टोकाहून, प्राझेरेसहून बसा. दुपारी ताटकळत उभं राहायचं असेल तर नाद सोडा. नंबर 12 ची ट्रामही आल्फामातून जाते.

चढावरून दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्याही या शहरात आहेत. त्यांतल्या ग्लोरिया नावाच्या गाडीला 3 सप्टेंबर 2025 रोजी भीषण अपघात झाला. दोर निसटला आणि 16 माणसं गेली. त्यानंतर बाकीच्या गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. तुम्ही जाल तेव्हा कोणती चालू आहे ते हॉटेलात विचारा. बंद असेल तर हळहळ नको. आणि बंद गाडीच्या रुळांवर चढून फोटो काढू नका.

टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच. पण भाडं आपल्या रिक्षाचं नाही. बसायच्या आधी किती वेळ, कुठे कुठे आणि एकूण किती, हे बोलून घ्या. माणशी की सगळ्यांचे मिळून, हेही विचारा.

पाकीट सांभाळा

लिस्बनमध्ये अंगावर येऊन लुटण्याचे प्रकार तसे कमी. पण पाकीटमार हुशार आहेत. 28 नंबरची ट्राम, बेलें या भागाकडे जाणारी 15 नंबरची ट्राम, मेट्रोचे जिने आणि गर्दीच्या गच्च्या या त्यांच्या आवडत्या जागा.

पाकीट मागच्या खिशात नको. पाठीवरची पिशवी गर्दीत पोटावर घ्या. मोबाइल हॉटेलाच्या टेबलावर ठेवून गप्पा मारू नका. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवा आणि त्याची प्रत व मोबाइलमधला फोटो बरोबर ठेवा. सोन्याचे दागिने शक्यतो नेऊच नका. मंगळसूत्र घालायचंच असेल तर ते कपड्याच्या आत असू द्या.

सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. नवरा-बायकोने दोन वेगळी कार्डं दोन वेगळ्या पाकिटांत ठेवावी.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, युरोत देणार की रुपयांत? नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत तर दर तुमच्या तोट्याचा लागतो. एटीएम वापरायचं तर बँकेच्या भिंतीतलं वापरा. पर्यटकांच्या रस्त्यावर एकट्या उभ्या असलेल्या मशीनचं शुल्क जास्त असतं.

बाइशाच्या रस्त्यांवर एखादा माणूस जवळ येऊन हळूच अमली पदार्थ हवेत का विचारतो. तो बहुधा काहीतरी भलताच पाला विकत असतो. थांबू नका, हुज्जत घालू नका. "नको" म्हणा आणि चालू लागा. बरोबर तरुण मुलं असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पोटाची सोय

तिथल्या हॉटेलात बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं. नको असेल तर हात लावू नका आणि परत न्यायला सांगा. यात कोणाला राग येत नाही.

नळाचं पाणी पिण्यासारखं आहे. घरून बाटली न्या आणि भरत राहा. चौघांचं कुटुंब दिवसभर पाणी विकत घेत राहिलं, तर तेवढ्या पैशात एका माणसाचं जेवण होतं.

शाकाहारी मंडळींनी जास्त सावध राहावं. हा देश माशांचा. खारवलेला कॉड मासा तर घरोघरी. पालेभाजीचं दिसणारं हिरवं सूप असतं, त्यात डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात. भाज्यांच्या सुपाचं पाणीही कधी मांसाचं असतं. "आम्ही शाकाहारी आहोत. मांस नको, मासे नकोत, त्यांचं पाणीही नको" एवढं पोर्तुगीजमध्ये लिहून मोबाइलमध्ये ठेवा आणि वेटरला दाखवा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासे चालतात असा कोणाचा समज होऊ शकतो.

कॅफेच्या काचेमागे ओळखीचा तिकोनी समोसा दिसेल. तिथे त्याला शामुसा म्हणतात. गोव्याची आणि मोझांबिकची माणसं तो घेऊन आली. आनंदाने उडी घेण्याआधी आत काय आहे ते विचारा. बहुतेक वेळा चिकन किंवा बीफ असतं.

लिस्बनची गोड खूण म्हणजे अंड्याच्या मलईची छोटी पेस्ट्री, पास्तेल द नाता. बेलेंमधलं प्रसिद्ध दुकान 1837 पासून ती करतंय. तिथली रांग मोठी दिसते, पण ती घरी नेणाऱ्यांची असते. आत बसायला बरीच जागा आहे. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र लांबच राहावं.

पोळी-भाजीची आठवण आली तर मार्तिम मोनिझच्या आसपास जा. तिथे आपल्याकडच्या, बांगलादेशी आणि नेपाळी लोकांची दुकानं आहेत. पीठ, डाळ, मसाले, सगळं मिळतं. लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी ते उभं केलं. तिथे शाकाहारी जेवणाचीही सोय असते. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

काय बघावं, कोणत्या क्रमाने

सोमवारी बरीच सरकारी स्मारकं आणि संग्रहालयं बंद असतात. 1 जानेवारी, ईस्टरचा रविवार, 1 मे आणि 25 डिसेंबरलाही. सोमवार समुद्रासाठी किंवा नुसतं भटकण्यासाठी राखा. कुठे डागडुजी चालू आहे का, हेही तिकीट काढण्याआधी बघा.

पहिला दिवस सखल भागाला द्या. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी इथे मोठा भूकंप झाला. सणाचा दिवस होता, चर्चमध्ये माणसं भरलेली होती. मागोमाग आग लागली. जीव वाचवायला नदीकाठी गेलेल्यांना समुद्राच्या लाटेने ओढून नेलं. हजारो माणसं गेली. नंतर मार्केस द पोंबाल या मंत्र्याने बाइशा भाग सरळ रेषेत आखून नव्याने बांधवला. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, म्हणजे पुढच्या धक्क्याला घर तग धरेल. नदीकाठच्या मोठ्या चौकातून सरळ वर चालत जा, ही आखणी लगेच कळेल. वर कार्मो मठाचा छप्पर नसलेला सांगाडा तसाच राखून ठेवलाय. तोही बघा.

कार्मोच्या दारातल्या चौकात पाच मिनिटं थांबा. 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालची हुकूमशाही याच जागी शरण आली. गोवा सोडायला नकार देणारी राजवट हीच. ती पडल्यावर त्याच वर्षाअखेर पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला.

तिथून जवळच रॉसियु चौक आहे. त्याच्या उत्तरेला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. पूर्वी त्या जागी धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात 1560 मध्ये बसवलेल्या इन्क्विझिशनचे वरिष्ठ लिस्बनमध्येच होते. शेजारच्या साव दोमिंगुश चर्चबाहेर 1506 मध्ये मारल्या गेलेल्या ज्यू लोकांचं स्मारक आहे. मुलांना इथे खरं काय झालं ते सांगा. लपवू नका.

दुसरा दिवस आल्फामा आणि किल्ल्याला द्या. भूकंपात ही वस्ती बरीचशी वाचली, म्हणून गल्ल्या अजून जुन्याच आहेत. जवळच्या साव व्हिसेंत द फोरा मठात ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या आहेत. मुंबईकरांनी ही जागा चुकवू नये. 1661 च्या करारानुसार जिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, ती कॅथरिन इथेच विसावली आहे. वैधव्यात ती माहेरी परतली आणि 1705 मध्ये लिस्बनलाच वारली.

संध्याकाळी फादो ऐका. हे लिस्बनचं दुःखाचं गाणं. युनेस्कोने 2011 मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. दिवे मंद झाले आणि गाणं सुरू झालं की बोलायचं नाही. मोबाइल बंद करायचा. जेवणासकट किती पैसे होतील हे बसण्याआधी विचारा.

तिसरा दिवस बेलेंसाठी. जेरोनिमोस मठाचं तिकीट आधी काढा आणि सकाळी लवकर पोचा. पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या कराच्या पैशातून हा मठ उभा राहिला. आपल्या मलबार किनाऱ्यावरची मिरी त्या दगडांत आहे. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी दिसते. 1524 मध्ये तो कोचीनला वारला, त्याची हाडं नंतर इकडे आणली. याच माणसाने 1502 मध्ये हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं. त्याची समाधी बघताना हेही ठाऊक असू द्या. जवळच्या चौकात 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कचा पुतळा आहे.

ज्यांना या गोष्टीची दुसरी बाजू बघायची आहे, त्यांनी एक जादा दिवस काढून पेनिशला जावं. लिस्बनच्या उत्तरेला समुद्रावर हा किल्ला आहे. हुकूमशाहीच्या काळात तो राजकीय तुरुंग होता. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना तिथे डांबलं होतं. आज तिथे हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या घरांनी मुलांना तिथे जरूर न्यावं.

चौथा दिवस सिंत्राला किंवा समुद्राला द्या. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. सिंत्राची गाडी रॉसियु स्टेशनातून सुटते, साधारण चाळीस मिनिटं लागतात. तिथल्या पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत अर्धा तास चढ धरा. वेळ चुकली तर आत सोडत नाहीत.

एवढंही नको वाटलं तर काइश दु सोद्रेहून नावेत बसा आणि पलीकडच्या कासिल्यासला जा. दहा मिनिटांचा प्रवास, तिकीट किरकोळ. पाण्यावरून सगळं शहर दिसतं आणि एकही पायरी चढावी लागत नाही. आजींना हाच दिवस सगळ्यात आवडेल.

समुद्राशी खेळ नको

लिस्बन तेजु नदीच्या मुखाशी आहे. खरा समुद्र बघायला काश्काइशच्या गाडीने जा. हा अटलांटिक आहे. उन्हाळ्यातही पाणी थंड असतं आणि लाटांना ओढ असते.

किनाऱ्यावरचं निशाण बघा. हिरवं असेल तर पोहा. पिवळं असेल तर कडेला पाय भिजवा, पोहू नका. लाल असेल तर पाण्यात जाऊच नका. कड्यांच्या टोकाला फोटोसाठी उभं राहू नका. कुंपणापलीकडे एकही पाऊल टाकायचं नाही, हे मुलांना घरून निघतानाच सांगा.

त्यांच्या दारात आपण

आल्फामात आजही माणसं राहतात. घरभाडी वाढल्याने कितीतरी जुनी कुटुंबं तिथून उठून गेली. जी उरली आहेत, त्यांच्या दारात बसून मोठ्याने बोलू नका. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि खिडकीतल्या म्हातारीचे न विचारता फोटो काढू नका. चाकांची बॅग रात्री दगडांवरून खडखडत नेऊ नका, उचलून न्या.

सकाळी दुकानात शिरताना "बों दिया" म्हणा. निघताना पुरुषांनी "ओब्रिगादु" आणि बायकांनी "ओब्रिगादा". एवढ्याने समोरचा माणूस मऊ होतो.

आणखी एक गोष्ट, तरुणांसाठी. "पर्यटक म्हणून जा, मग तिथेच कागद करून देतो" असं सांगणारे एजंट भेटतात. पर्यटक म्हणून येऊन नंतर राहण्याचा परवाना मागायची वाट पोर्तुगालने जून 2024 मध्ये बंद केली. गोव्यातल्या ज्या घरांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा विचार करायचा आहे, त्यांनी तो घरी बसून, जाणत्या वकिलाला विचारून करावा. ते नागरिकत्व घेतलं की भारताचं सुटतं. सहलीच्या भरात असा निर्णय घेऊ नका.

अडचण आलीच तर

पोलीस, रुग्णवाहिका, आग, सगळ्यासाठी एकच नंबर, 112. तो घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. चोरी झाली तर रेश्तावरादोरेश चौकात पर्यटकांसाठी पोलीस ठाणं आहे. तिथे तक्रार लिहून प्रत घ्या, विम्याला ती लागेल. कार्ड हरवलं तर आधी बँकेला फोन करून ते बंद करा, ठाण्यात नंतर जा. भारतीय दूतावासाचा पत्ता आणि फोन निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाइलच चोरीला गेला तर त्यातला पत्ता काय कामाचा?

औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. साध्या तक्रारीसाठी तिथला औषधवाला नीट सल्ला देतो. संप असला की रेल्वे आणि मेट्रो थांबतात. परतीच्या आदल्या दिवशी गाड्या चालू आहेत ना, एवढं हॉटेलात विचारून घ्या आणि विमानतळावर तीन तास आधी पोचा.

यादीतली चार ठिकाणं राहिली तरी काही बिघडत नाही. पण घरातलं थकलेलं माणूस ओढत नेऊ नका आणि मुलांना इतिहास न सांगता परत आणू नका. चार दिवस काढा, चांगले बूट घाला, पाकीट पुढे धरा आणि सावकाश फिरा. तेवढं केलंत तर लिस्बन तुम्हाला निराश करणार नाही.